तास कोणता मोजावयाचा?

मराठीत ‘तास’ हा शब्द बहुगुणी आहे. घड्याळातील साठ मिनिटे म्हणजे तास. शाळेतील पस्तीस-चाळीस मिनिटांचा पाठ, तोही तासच. आणि शेतात नांगराच्या फाळाने पडलेली चर, तिलाही शेतकरी तासच म्हणतो. घरात, शाळेत व शेतात या तीन अर्थांमुळे कोणाचा घोटाळा होत नाही. परंतु हाच शब्द नोकरीच्या करारनाम्यात जाऊन बसला आणि तो करारनामा परक्या देशातील असला, म्हणजे त्याच्या पोटात दडलेले निरनिराळे अर्थ माणसाच्या झोपेचे, प्रकृतीचे आणि पगाराचे गणित बदलून टाकतात. इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशी जाणाऱ्या, किंवा घरी बसून परदेशातील मुलांना इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांना या घोटाळ्याशी नेहमी गाठ घालावी लागते.

जयपूर हे काळ मोजणाऱ्यांचे शहर. सवाई जयसिंगाने १७२७ साली ते वसविले आणि पुढे तेथे जंतरमंतर उभारले. त्यातील सम्राट यंत्र हे सुमारे सत्तावीस मीटर उंचीचे छायायंत्र असून त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची सूक्ष्म वेळ सांगता येते. तथापि त्या सावलीची वेळ आणि पाहणाऱ्याच्या मनगटावरील घड्याळाची वेळ यांत सरासरीने सत्तावीस मिनिटांचे अंतर पडते. यंत्र बिघडलेले नाही आणि घड्याळही चुकीचे नाही. यंत्र जयपूरचा स्थानिक काळ दाखविते, तर घड्याळ साऱ्या भारतासाठी ठरलेला, साडेब्याऐंशी अंश रेखांशावरील प्रमाण काळ दाखविते. दोन्ही वेळा खऱ्याच. वाद टाळावयाचा असेल तर कोणते माप धरावयाचे एवढे आधी ठरले पाहिजे. नोकरीच्या तासांचेही नेमके असेच आहे.

या जुन्या शहराच्या पश्चिमेस वैशाली नगर ही नव्या काळातील वस्ती आहे. लिच्छवींच्या प्राचीन वैशालीचे नाव तिला मिळाले आणि त्या नगरीच्या आठवणीने तेथील एका चौकाला आम्रपालीचे. इंग्रजी संभाषणाचे व परदेशी परीक्षांच्या तयारीचे वर्ग येथे पावलोपावली दिसतात. नोकरीनिमित्त जयपुरास आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलगी इंग्रजीची पदवी व शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन अशाच एका वर्गात शिकविते, असे समजा. एके दिवशी तिच्यापुढे परदेशातील शाळेचा करारनामा येतो. त्यात लिहिलेले असते : ‘आठवड्यास पंचवीस तास.’ आई म्हणते, “एवढेच? मग तर फारच बरे!” वडील पगाराच्या आकड्याला त्या तासांनी भागतात आणि हरखून जातात. या आनंदात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो : हे पंचवीस तास कशाचे?

शिक्षकाच्या कामाचे दोन तास असतात. एक वर्गातला, विद्यार्थ्यांसमोर उभे राहण्याचा. दुसरा बांधलेला, म्हणजे ज्या वेळात तो शाळेच्या हुकमाखाली असतो किंवा शाळेसाठी खपत असतो तो सगळा. गिरणीतल्या कामगाराचे यंत्र थांबले की त्याचे काम थांबते. शिक्षकाचा वर्ग सुटला की कामाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. त्यातही इंग्रजीच्या शिक्षकाचा हा दुसरा भाग विशेष मोठा असतो. गणिताच्या उत्तराची चूक पाहताक्षणी कळते, परंतु निबंध वाचावा लागतो, वाक्य दुरुस्त करावे लागते आणि ते का दुरुस्त केले हे समासात लिहावे लागते.

साधा हिशेब मांडून पाहावा. आठवड्यास पंचेचाळीस मिनिटांचे चोवीस पाठ, म्हणजे घड्याळाचे अठरा तास झाले. त्यांपैकी बारा पाठ एकमेकांहून वेगळे असले आणि प्रत्येकाच्या तयारीस अर्धा तास लागला, तर सहा तास. एकशेवीस विद्यार्थ्यांचा आठवड्यास एक निबंध, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे दहा तास. सभा, पालकांच्या भेटी आणि मधल्या सुटीतील देखरेख यांचे पाच तास धरले तर एकूण बेरीज एकोणचाळीस होते. करारात लिहिलेला आकडा चोवीस, घड्याळातील वर्गाचा आकडा अठरा आणि जगलेल्या आठवड्याचा आकडा एकोणचाळीस! तिन्ही आकडे खरे आहेत. मात्र पगार कोणत्या आकड्याचा आणि जादा काम कोणत्या आकड्यापुढे सुरू होते, हे करारानेच सांगितले पाहिजे.

हे केवळ तक्रारखोर शिक्षकांचे गाऱ्हाणे नव्हे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१८ साली अनेक देशांतील माध्यमिक शिक्षकांची पाहणी केली. तीत शिक्षकांच्या आठवड्याची सरासरी सुमारे अडतीस तासांची निघाली आणि त्यांतील प्रत्यक्ष शिकविण्याचे तास सुमारे वीस. जपानमध्ये मात्र आठवडा छप्पन्न तासांचा होता आणि शिकविण्याचे तास अठराच होते. म्हणजे जेथे वर्गातील तास कमी, तेथेच बांधलेले तास सर्वांत अधिक. केवळ वर्गाचा आकडा पाहून हुरळून जाणाऱ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कामाच्या तासांसाठी परदेशी जाऊन घासाघीस करणे हे मराठी माणसाला नवीन नाही. आणि योगायोग असा, की तसा एक मोठा पुरुष मुळात शिक्षकच होता. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शाळांतून शिकविले आणि १९०९ साली ते भारत सेवक समाजात दाखल झाले. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची रविवारची सुटी १० जून १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मिळाली होती; पण रोजच्या तासांचा प्रश्न उभाच होता. १९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेथे गेले.

त्या परिषदेने दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांचा करार मंजूर केला. परंतु हिंदुस्थानसाठी वेगळे कलम घालून आठवड्यास साठ तासांची मर्यादा ठरविण्यात आली. अठ्ठेचाळिसाच्या मानाने साठ हा आकडा तोकडाच म्हणावयाचा. पण तो लिहिला गेला, आणि लिहिला गेल्यामुळेच पुढे त्यास धरून झगडता आले. १९२२ साली साठ तासांचा कायदा झाला, १९३४ साली मर्यादा चौपन्नावर आली आणि १९४६ च्या दुरुस्तीने ती अठ्ठेचाळीस झाली. जो आकडा कागदावर आला तो पुढे कमी करून घेता येतो. जो कागदावर आलाच नाही, त्याच्याशी झगडणार तरी कसे?

पण शिक्षकाला या कायद्यांचा आधार कितपत आहे? येथे एक गमतीची, पण विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांनाही ‘उद्योग’ या व्याख्येत आणले. पुढे गोव्यातील एका शाळेतून काढून टाकलेल्या शिक्षिकेचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे गेले. तेव्हा १९८८ साली असा निर्णय झाला, की संस्था उद्योग असली तरी शिक्षक हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे. विद्यादान हे उदात्त कार्य असून ते कारागिराच्या किंवा कारकुनाच्या कामात मोडत नाही. शिक्षकाचा गौरव झाला खरा, पण कामगाराला मिळणारे दार त्याला बंद झाले. भारतात शिक्षकाच्या तासांची मोजदाद वेगळ्या नियमांनी होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शिक्षकाचा आठवडा तयारीच्या वेळेसह किमान पंचेचाळीस तासांचा ठरविला. ‘तयारीच्या वेळेसह’ हे दोन शब्द त्यात स्पष्ट घातलेले आहेत, हे महत्त्वाचे.

जगातही या तत्त्वाला मान्यता आहे. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिस येथे शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस संमत झाली. शिकविण्याचे तास ठरविताना विद्यार्थ्यांची संख्या, वेगवेगळ्या पाठांची संख्या, तयारीस व तपासणीस लागणारा वेळ आणि पालकांशी बोलण्याची सवड या साऱ्यांचा विचार व्हावा, असे ती सांगते. वर्गाबाहेरची विशेष जबाबदारी एखाद्यावर टाकली तर त्याचे शिकविण्याचे तास त्या मानाने कमी करावेत, असेही तीत म्हटले आहे. ही शिफारस कोणावर सक्ती करीत नाही. पण वाटाघाटीस बसणाऱ्या शिक्षकाला आपले म्हणणे जगावेगळे नाही, एवढा धीर तिच्यातून निश्चित मिळतो.

आता ज्या देशांकडे भारतीय शिक्षकांची नजर जाते, तेथील नियम पाहावेत. आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा पुष्कळ आहेत. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ च्या फेब्रुवारीत अमलात आलेल्या कायद्याने दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आहे. रमजानच्या महिन्यात दिवसाचे दोन तास कमी होतात. जादा कामास पंचवीस टक्के अधिक वेतन द्यावे लागते आणि ते काम रात्री दहा ते पहाटे चार या वेळातले असेल तर पन्नास टक्के. करार इंग्रजीत व अरबीत असून दोहोंत तफावत पडली, तर तेथे अरबी मजकूर प्रमाण धरला जातो. म्हणून इंग्रजीच्या शिक्षकाने केवळ इंग्रजी बाजू वाचून समाधान मानू नये.

दक्षिण कोरियाशी भारताचा सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यामुळे शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना तेथे इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाण्याचा मार्ग मोकळा झाला. तेथील सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षकांसाठी जी योजना चालते, तिच्या करारात आठवड्याचे कामाचे तास चाळीस आणि त्यांतील शिकविण्याचे तास बावीस, असे दोन्ही आकडे वेगळे लिहिलेले असतात. दोन आकडे वेगळे लिहिण्याची ही रीत चांगली. बाविसाच्या पुढे शिकवावे लागले तर ते जादा काम, हे त्यातून आपोआप ठरते.

त्याच देशात या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. आठवड्यास पंधरा तासांहून कमी काम करणाऱ्यास तेथे साप्ताहिक सुटीचा पगार व निवृत्तीची रक्कम मिळत नाही. त्यामुळे विद्यापीठांतील तासिका तत्त्वावरच्या व्याख्यात्यांचे वर्गातले तासच मोजून त्यांना या हक्कांतून वगळले जाई. २०२४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्याख्यानाच्या तयारीचा वेळही कामाचाच वेळ होय, असा निर्णय दिला. केवळ ‘तास’ या शब्दाच्या अर्थावर माणसाच्या सुटीचा पगार आणि म्हातारपणाची पुंजी कशी अवलंबून असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

जपानमध्ये १९४७ चा श्रममान कायदा दिवसास आठ व आठवड्यास चाळीस तासांची मर्यादा घालतो. कामाची सुरुवात व शेवट, विश्रांतीची वेळ आणि जादा कामाची शक्यता या गोष्टी मालकाने लेखी कळविल्याच पाहिजेत. आणि प्रत्यक्षातली स्थिती त्याहून वेगळी निघाल्यास कामकऱ्यास करार तत्काळ सोडता येतो. असे असूनही तेथील खासगी संभाषणवर्गांच्या करारांत साडेएकोणतीस तासांचा एक विलक्षण आकडा वर्षानुवर्षे आढळत आला. पूर्ण वेळेच्या तीन-चतुर्थांश काम करणाऱ्यास, म्हणजे चाळिसाच्या हिशेबाने तीस तासांवर, सामाजिक विमा लागू होई. त्या रेषेच्या अर्धा तास अलीकडे थांबण्याची ही युक्ती. पुढे कायद्याने ती रेषाच खाली आणली. आता पन्नासांहून अधिक विमाधारक कामकरी असलेल्या आस्थापनांत वीस तासांपासून हा विमा लागू होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा पल्ला गाठला गेला. करारातला एखादा विचित्र आकडा दिसला, की तो तेथे का आला हे विचारण्यास संकोचू नये.

कित्येकदा शिक्षिका वैशाली नगर सोडीतच नाही, फक्त तिचे विद्यार्थी परदेशात असतात. संगणकाच्या पडद्यावरून शिकविण्याच्या या व्यवसायात तासांचा गुंता अधिकच वाढतो. टोकियोत संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा जयपुरात दुपारचा दीड असतो, हे सोयीचे. लंडनमध्ये शाळा सुटून चार वाजतात तेव्हा हिवाळ्यात जयपुरात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. न्यूयॉर्कच्या मुलाचे संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात जयपूरच्या पहाटेचे साडेतीन! शिवाय त्या देशांत वसंतात घड्याळे तासभर पुढे सरकतात आणि शरदात मागे येतात. भारताचे घड्याळ मात्र स्थिर असते. तेव्हा वर्ग कोणत्या देशाच्या घड्याळाने भरेल, विद्यार्थी ऐन वेळी आला नाही तर त्या वेळेचे पैसे मिळतील की नाही आणि दोन वर्गांमधील रिकामा वेळ कोणाचा, हे तिने आधी लिहून घेतले पाहिजे. असा व्यवसाय परक्या सरकारच्या एका आदेशानेही कोसळू शकतो. जुलै २०२१ मध्ये चीनने देशाबाहेर राहणाऱ्या परदेशी शिक्षकांकडून मुलांना शिकवून घेण्यास मनाई केली आणि तो बाजार बंद पडला.

मग वाटाघाट करावयाची कशी? पहिला नियम असा, की ती सही करण्यापूर्वी करावयाची. परदेशातील कामाचा परवाना बहुधा मालकाशी जखडलेला असतो. विमानातून उतरल्यावर शिक्षकाच्या हाती फारसे काही उरत नाही. आपल्याकडे गुरुजनांस तासांची व पैशांची गोष्ट काढण्याची लाज वाटते. पण भीड भिकेची बहीण, ही म्हण शहाण्यांनी उगीच केलेली नाही. ज्या मालकाला आपल्या शाळेचा कारभार ठाऊक आहे, त्याला असे प्रश्न आल्याने राग येत नाही. आणि ज्याला राग येतो, त्याने उत्तर दिल्यासारखेच आहे.

प्रश्न मोजकेच आहेत. ‘तास’ म्हणजे पाठ की साठ मिनिटे? शाळेत किती वाजता यावयाचे आणि किती वाजता सुटावयाचे? वेगवेगळ्या पाठांची तयारी किती? शनिवारचे वर्ग, सहली, उन्हाळी शिबिरे आणि प्रवेशासाठी पालकांना आकर्षित करण्याचे कार्यक्रम हे तासांत धरलेले आहेत काय? दुसऱ्याच्या रजेत त्याचा वर्ग घेतल्यास काय मिळेल? वेळापत्रक बदलावयाचे झाल्यास किती दिवस आधी कळवाल? या प्रश्नांची उत्तरे पत्राने मागवावीत आणि ते पत्र कराराबरोबर जपून ठेवावे. करारात ‘आवश्यकतेनुसार इतर कामे’ असे एखादे मोघम वाक्य असले, तर त्याला एक मर्यादा घालून घ्यावी. इंग्लंडमध्ये शिक्षकास सोपविलेल्या कामाचे तास वर्षास एक हजार दोनशे पासष्ट असे नेमके ठरलेले आहेत. तरी त्याखाली ‘आवश्यक तेवढे अधिक तास’ हे कलम आहे आणि शिक्षकांची खरी दमछाक त्या शेपटातच होते.

मागणे करताना काय मागावे यातही तारतम्य हवे. पगार वाढवून मागितला तर मालक मागेपुढे पाहतो. पण त्याला फारशी झळ न लागता देता येतील अशा पुष्कळ गोष्टी असतात. भाषावर्गांत प्रौढ विद्यार्थी कामाला जाण्यापूर्वी व कामावरून परतल्यावर येतात. त्यामुळे सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ असे वर्ग ठेवले जातात. काम सहा तासांचे, पण शिक्षिका सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चौदा तास अडकलेली. अशा वेळी वर्ग सलग लावून द्या, किंवा सकाळी शिकविलेल्या दिवशी संध्याकाळ मोकळी ठेवा, हे मागणे पगारवाढीहून सहज पदरात पडते आणि प्रकृतीला अधिक मानवते. वेगवेगळ्या इयत्तांऐवजी एकाच इयत्तेच्या तुकड्या मिळाल्या तर तयारीचे तास निम्म्यावर येतात. यात मालकाचे काहीच जात नाही.

पगाराचा खरा भावही या हिशेबानेच कळतो. महिना साठ हजार रुपये आणि आठवड्यास पंचवीस तास, म्हणजे चार आठवड्यांच्या शंभर तासांचा भाव तासास सहाशे रुपये पडतो. परंतु बांधलेले तास आठवड्यास पन्नास निघाले तर तोच भाव तीनशेवर उतरतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते हेच. मध्यस्थ असेल तर तो १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे ना, याची खातरजमा करावी. उत्प्रवाशांच्या संरक्षकाची कार्यालये मुंबईप्रमाणे जयपुरातही आहेत. पदवीधरास त्यांच्या परवान्याची गरज बहुधा पडत नाही, पण चौकशीस तेथे जाण्यास कोणी मज्जाव केलेला नाही.

वैशाली नगरातील त्या घरात करारनामा अजून टेबलावर आहे. वडिलांनी केलेला भागाकार चुकीचा नव्हता, फक्त त्यातला भाजक अपुरा होता. मुलीने एक पत्र लिहून चार प्रश्न विचारले तर दोन गोष्टींपैकी एक घडेल : तास स्पष्ट होतील आणि ती निर्धास्त मनाने जाईल, किंवा उत्तर टाळले जाईल आणि ती वेळीच सावध होईल. दोन्हींत तिचा लाभच आहे. नांगराचे तास शेतात उमटलेले सर्वांना दिसते. त्यापूर्वी बैलांना घातलेले वैरण-पाणी आणि त्यानंतरची राखण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण पीक येते ते या साऱ्या कष्टांवर. शिक्षकाच्या वर्गामागील न दिसणारे तास दाखवून देण्याचे काम त्याच्यावाचून दुसरे कोणी करणार नाही. आणि ते करण्याची योग्य वेळ सही करण्यापूर्वीचीच आहे.